खर्रा वगळून

माझा नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी, आंजीच्या चौकात, त्याचा फ्लेक्स लागला. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. शेजारचा माणूस कापून टाकला होता, पण त्याचा हात नवऱ्याच्या खांद्यावर तसाच राहून गेला होता. फोटोखाली तीन शब्द होते: मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, निर्व्यसनी. त्याखाली शोकाकुल मंडळींचे गोल गोल फोटो, आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, ज्याने फ्लेक्सचा खर्च उचलला त्या पानठेल्याचं नाव.

नवरा तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. खर्रा खायचा. जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालतात, पन्नी तळहाताखाली धरून दांडीवर किंवा पाटीवर घोटतात, आणि ते मिश्रण दिवसभर थोडं थोडं गालात ठेवतात. नवऱ्याचा खर्रा कायम त्याच ठेल्यावर घोटला जायचा. त्या ठेलेवाल्याचा मला राग नाही. तो नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, दवाखान्यातही सगळ्यांपेक्षा जास्त वेळा आला तो. खरं सांगायचं तर त्या सबंध फ्लेक्सवर खरं बोलणारी ओळ त्याचीच होती.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम बुद्ध विहारात झाला. त्रिशरण-पंचशील झालं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं आहे. ते म्हणताना मागच्या दोन रांगांतल्या पुरुषांनी गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला केला, कारण शील स्पष्ट म्हणावं लागतं. त्या शीलात दारूचा उल्लेख आहे, खर्र्याचा नाही, असं आमच्याकडच्या विद्वानांचं मत आहे.

मग सर बोलले. सर म्हणजे जिल्ह्यातले ज्येष्ठ साहित्यिक. साहित्य मंडळाचे अध्यक्ष तेच, कुणी गेलं की बोलायलाही तेच. पाच-सहा गावांतल्या मयतींना मी त्यांना ऐकलं आहे. प्रत्येक माणूस त्यांच्या भाषणात चंदनासारखा झिजतो. आपल्या जिल्ह्यात चंदनाची झाडं शोधावी लागतात, पण चंदनासारखी झिजलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. आंजीत झिजले, सेलूत झिजले, पिपरी मेघेत तर नवीन ले-आउट पडल्यापासून फारच झिजायला लागले. माझा नवराही त्या दिवशी झिजला. तो कृषी सहायक होता. मोटारसायकलवर फिरून फिरून त्याची पाठ मात्र खरोखर झिजली होती, पण ते काही सरांनी सांगितलं नाही.

मी पांढऱ्या साडीत पुढे बसले होते आणि मला वाटत होतं, हे कुणाबद्दल चाललंय? त्या कापलेल्या माणसाबद्दल असेल, ज्याचा हात राहून गेला.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांना क्रमांक देणं, पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू न देणं आणि परत आणून न देणाऱ्या प्राध्यापकांच्या मागे लागणं, हे माझं काम. वाचलं खूप, लिहिलं कधी नाही. कपाटं भरलेली असताना आपण त्यात एक आणखी कशाला कोंबायचं, असं वाटायचं. नवरा म्हणायचा, "तू लिहीत काऊन नाई? बोलत तं नाईच." मी त्याचंही उत्तर दिलं नव्हतं.

तो गेल्यानंतर एका दुपारी, परीक्षा संपून वाचनालय रिकामं होतं तेव्हा, मी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: माझा नवरा खर्रा खायचा. पुढचं वाक्य येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कागद काढला. आपल्याला त्याचं काय आठवतं, म्हणून बघू लागले, तर आधी आवाज आठवला. पन्नीचा. सकाळी उठल्याबरोबर तो अंगणात पाटीवर पन्नी घोटायचा आणि चर्र चर्र असा आवाज सगळ्या घरात यायचा. मला त्या आवाजाचा इतका वीट आला होता की मी खिडकी लावून घ्यायचे. तो आवाज कसा होता हे लिहायला मला आठवडा लागला. पाखरासारखा नव्हता, करवतीसारखा नव्हता. शेवटी लिहिलं: कुणीतरी कोरडं पान पायाखाली पुन्हा पुन्हा तुडवतंय आणि पान काही मोडत नाही, तसा. वाक्य कागदावर उतरलं आणि मी मान वर केली, कारण क्षणभर तो अंगणात होता.

ते झालं आणि मग मी थांबलेच नाही. म्हणजे वेगाने लिहिलं असं नाही. मी फार हळू लिहिते, एक ओळ, मग खाडाखोड, मग चहा. पण सकाळी उठण्याला कारण मिळालं. वाचनालयाचं कुलूप लावायला उशीर व्हायला लागला आणि शिपाई खोकून जायचा. दुःख कमी झालं का, ते मला सांगता येणार नाही. एवढंच की ते दुःख आता माझ्या हातचं काम झालं होतं.

चार पानं झाली तेव्हा मी चूक केली. साहित्य मंडळाच्या मासिक बैठकीला गेले आणि वाचून दाखवली.

मंडळाची बैठक पिपरी मेघेत एका सदस्याच्या घरी, वरच्या हॉलमध्ये भरते. आलेला प्रत्येक जण लेखक असतो. ऐकणारा कुणी नसतो, सगळे आपली पाळी यायची वाट बघतात, म्हणून टाळ्या फार मनापासून पडतात. टाळी पडली म्हणजे वाचणारा संपला. आधी चिवडा येतो. एखाद्याला शाल द्यायची असते. मग कविता. त्या दिवशी माझ्या आधी तिघांनी मायेवर कविता वाचल्या आणि तिघांची माय चुलीपाशीच बसलेली होती. त्यातल्या दोघांकडे गॅस आहे हे मला माहीत आहे.

मी वाचलं. टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी चिवड्यातला शेंगदाणा चावला तो ऐकू आला.

सर म्हणाले, "मॅडम, लेखनात कारुण्य आहे, पण ते दिसत नाही."

मी विचारलं, "दिसायला काय करू सर?"

"निसर्ग आणा थोडा. सूर्यास्त. पानगळ. आणि खर्रा हा शब्द साहित्यात बसत नाही हो."

"तंबाखू बसते का?"

"तंबाखूही नको. काळाने घाला घातला, असं म्हणा."

"काळाने नाही घातला सर. डॉक्टरांनी कारण लिहून दिलंय."

एकदोघे हसले, मग सरांकडे बघून थांबले. सरांनी चष्मा काढून पुसला. "हेच," ते म्हणाले, "हे जे आहे ना तुमचं, बोचरं, हे तुमच्या दुःखाला शोभत नाही. वाचक काय म्हणेल? नवरा गेला आणि बाई विनोद करून राहिली."

एक कवयित्री माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही हे डायरी म्हणूनच ठेवा. मन मोकळं होतं." मन मोकळं करायला माझ्या घरी न्हाणीघर आहे, नळ सोडला की बाहेर आवाज जात नाही. त्यासाठी मला आवाज कसा होता हे शोधत आठवडा घालवायची गरज नव्हती. पण हे मी तिथे बोलले नाही. तिथे मी मान हलवली, चिवडा खाल्ला आणि स्कूटीवरून घरी आले. आणि मग बरेच दिवस कागद काढला नाही.

सरांचं म्हणणं खोटं असतं तर सोपं होतं. पण मी आयुष्यभर चांगली पुस्तकं हाताळली आहेत, आणि म्हणूनच मला कळत होतं की माझं चार पानांचं लिखाण त्या कपाटांत कुठेच बसत नाही. वर सूर्यास्त घालून बघितला. एक परिच्छेद पानगळीचाही लिहिला. तो वाचला आणि माझ्या लक्षात आलं की यात नवरा नाही. खर्रा काढला की तोही निघून जात होता. पानगळ फाडून टाकली.

एवढ्यात पहिला स्मृतिदिन जवळ आला. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सेलूला असतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी ठरवलं की भावाच्या नावे स्मरणिका काढायची, आणि कार्यक्रमात पत्नीचं मनोगत व्हायला पाहिजे.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे भासरा आणि भावसून थेट बोलत नाहीत. म्हणजे शिकलेल्या घरांत आता बोलतात, पण आमचे भासरे शिकण्याआधीच्या शिस्तीचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते माझ्याशी पंख्याकडे बघून बोलत. "पाहुण्याइले चहा पाहिजेन," असं पंख्याला सांगत आणि मी चहा टाकत असे. पंखा नसला तर सासूबाईंना सांगत. आता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात: सर्वांनी नोंद घ्यावी. त्या सर्वांमध्ये मी एकटीच असते.

तर ग्रुपवर आलं की मनोगत पाठवावे, सर्वांनी नोंद घ्यावी. मी नोंद घेतली आणि माझी चार पानं पाठवली. ती परत आली तेव्हा त्यावर लाल पेनाने शेरे होते. खर्रा हा शब्द जिथे जिथे होता तिथे गोल करून लिहिलं होतं: सबब वगळावे. शेवटी सही.

संध्याकाळी फोन वाजला. आवाज ओळखीचा वाटेना, कारण तो आवाज मी आजवर नेहमी वर जाताना ऐकला होता, माझ्याकडे येताना कधीच नाही.

"तुम्ही हे काय लिहून राह्यल्या?" भासरे म्हणाले.

मी इतकी चकित झाले की आधी डोक्यावरचा पदर चाचपला. "भाऊजी, त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाई, म्हणूनच तं म्हणून राह्यलो. खोटं असतं तं चाललं असतं. माणूस गेला. आता त्याच्या गालात काय होतं हे गावाले सांगाचं काय काम आहे?"

"गावालाच तर माहीत आहे."

"माहीत असणं येगळं अन् छापणं येगळं. ऑफिसात तीस-तीस वर्षं सगळ्याइले सगळं माहीत असते. कागदावर येते काय?" मग आवाज खाली आला. "अन् आईले काय वाटन? म्हातारं माणूस आहे. तिच्या समोर हे वाचसान तुम्ही?"

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, आंजीतच राहतात, दोन मुलांतला धाकटा गेलेला. शब्दांसाठी मी त्यांना दुखवायचं का? मी म्हटलं, "बघते."

"पाहाचं काई नाई. सरांनी लिहून देल्लं आहे."

आणि खरोखरच दोन दिवसांनी माझं मनोगत मला टाइप होऊन आलं. मला काय वाटतं ते सरांनी लिहिलं होतं आणि भासऱ्यांनी मंजूर केलं होतं. सुरुवात होती: माझ्या संसाराचा सूर्य अकाली मावळला. खाली माझं नाव होतं आणि सही करायला जागा सोडली होती.

स्मृतिदिनाला मी दोन्ही कागद पिशवीत घेऊन आंजीला गेले. मनाशी ठरलं होतं की टाइप केलेला वाचायचा. भांडायची मला सवय नाही, वर्गात हात वर करायचीही नव्हती. माझी चार पानं का नेली, मला माहीत नाही. घरी एकटी ठेवावीशी वाटली नाहीत.

विहारासमोर मंडप होता. वंदना झाली, पाचव्या शीलाच्या वेळी मागे गाल सरकले. सर बोलले आणि नवरा पुन्हा झिजला. या खेपेला त्यांनी निर्व्यसनी हा शब्द दोनदा वापरला, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. मला जाणवलं की हे असं दरवर्षी होणार. दरवर्षी थोडा थोडा पुसत हे त्याला पूर्ण पुसतील, आणि मी पुढच्या खुर्चीत बसून डोळे टिपीन.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी उभी राहिले, टाइप केलेला कागद उघडला आणि वाचलं, "माझ्या संसाराचा सूर्य अकाली मावळला."

सूर्य. मोटारसायकलवरून धुळीने माखून यायचा, गाल फुगलेला, दारातूनच हाताने खुणेने पाणी मागायचा, कारण तोंड उघडता येत नसे. मला पुढची ओळ वाचता येईना. गळा भरून आला असेल असं समजून कुणीतरी बायकांमधून पाण्याचा पेला पुढे केला. खरं तर मला हसू येत होतं. मी पाणी प्यायले, तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसरा काढला.

"माझा नवरा खर्रा खायचा," मी वाचलं.

भासऱ्यांनी वर पाहिलं, पण मंडपाला पंखा नव्हता.

मी आवाज वाचला, पन्नीचा. मग फवारणीचं वाचलं. कपाशीवर फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधा, औषध पोटात जातं, असं तो शेतकऱ्यांना बांधावर उभा राहून कळकळीने सांगायचा, आणि ते सांगताना गालातलं सांडू नये म्हणून मान वर करून बोलायचा. शेतकऱ्यांना वाटायचं साहेब आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज घेताहेत, म्हणून तेही वर बघायचे. सगळा बांध वर बघतोय आणि माझा नवरा त्यांना विषापासून सावध करतोय.

मागून एक हसला. मग त्या रांगेतले बाकीचे. मग बायका. एक जण मोठ्याने म्हणाला, "अन् आमी छत्र्या घेऊन जाओ बे दुसऱ्या दिवशी," आणि मंडप पुन्हा हसला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला माणसांमध्ये पाहिलं.

मग काड्यांचं वाचलं. खर्र्याने जबडा आखडत जातो, तोंड उघडेनासं होतं. दवाखान्यात त्याला व्यायाम दिला होता: आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि रोज एखादी वाढवायची. तो आरशासमोर बसायचा आणि काडी वाढली की मला हाक मारून दाखवायचा. मी लिहिलं होतं की आयुष्यात इतकी आइस्क्रीम त्याने मला कधी खिलवली नव्हती जितक्या काड्या त्याने घरात आणल्या, आणि आइस्क्रीम मात्र एकही नाही. इथे कुणी हसलं नाही. मी हसतील म्हणून थांबले होते, ते थांबणं फार लांबलं. ठेलेवाला मित्र उठून मंडपाबाहेर गेला, कडेला थुंकला, नळावर चूळ भरली आणि परत येऊन बसला.

त्याचा ठेला दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा उघडला. माझ्या लिखाणाने एकाही माणसाचा खर्रा सुटला नाही. लिखाणाने असं काही होतं असं मला वाटत असतं तर मी मंडळात कवयित्री झाले असते.

जेवणाच्या पंगतीत सर ताट घेऊन माझ्याजवळ आले. "धाडसी आहे," ते बुंदी वेगळी करत म्हणाले, "पण मनोगत नव्हे." भासरे माझ्याशी बोलले नाहीत. ते वाढणाऱ्याला म्हणाले, "स्मरणिकेत सरांचंच जाईन. छापून झालं आहे." म्हणजे छापील कागदावर माझ्या संसाराचा सूर्य कायमचा मावळला आहे, माझ्या नावानिशी. ज्याला हवा त्याने तिथे वाचावा.

मला भीती वेगळीच होती. कार्यक्रमभर सासूबाई पहिल्या रांगेत बसून होत्या, आणि हसल्याही नव्हत्या आणि रडल्याही नव्हत्या. मंडप रिकामा झाल्यावर मी त्यांच्याकडे घरी गेले. त्या बाजेवर बसल्या होत्या. मी खाली बसले.

"आई, तुम्हाला वाईट वाटलं का?"

त्या म्हणाल्या, "हसोलं चांगलं तू लोकाइले. मानेचं बरोबर आहे. तसाच बोले." मग म्हणाल्या, "पण काड्याइचं बराबर नाई लिहिलं."

"काय चुकलं?"

"तो तुले बलावून दाखोये. हासत असन तुयासमोर. तो भेला होता, पोरी. ते काऊन नाई लिहिलं?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"इथं ये तं माह्याजवळ भाकर मांगे. अन् भिताडाकडं तोंड करून खाये. बारीक बारीक कुटका करून बोटानं आत घाले. मी पाह्यलं का म्हणे, आई, उजेड डोळ्यावर येते म्हणून इकडं तोंड केलं." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीला खिडकी नाही, समोरच्या भिंतीलाही नाही.

"मला माहीत नव्हतं, आई."

"तं इचारायचं होतं ना मले. सालभर सारे म्हणून राह्यले, आईले काय वाटन, आईले काय वाटन. आईले इचारलं कोणं?"

सरांनी सांगितलेलं, मंडळाने सांगितलेलं, लाल पेनाने लिहिलेलं, सगळं माझ्या लिखाणाबद्दलच होतं, पण त्यातलं कशानेही मला ते पान पुन्हा लिहायला बसवलं नव्हतं. कुणी त्या पानात जे नव्हतं ते दाखवलं नव्हतं. मी पिशवीतून कागद काढले. माझ्या चार पानांच्या मागे जागा उरली नव्हती, म्हणून टाइप केलेलं मनोगत उलटं केलं. त्याची मागची बाजू कोरी होती. पेन उघडलं आणि म्हटलं, "सांगा."

सासूबाईंनी कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि बाजेवर नीट सरकून बसल्या.

"भाकर ज्वारीची होती," त्या म्हणाल्या. "पह्यले ते लिहिजो."